विचार मोजायचे तर प्रसंगाला लागूनच

नाशिकमध्ये एम.ए.च्या प्रकल्पासाठी सामाजिक भीती मोजतेयस, तर फक्त लिबोविट्झ श्रेणीवर थांबू नकोस. १९८७ ची ही श्रेणी २४ प्रसंगांतली भीती आणि टाळाटाळ मोजते; तेव्हा मनात काय चाललं होतं, ते तिच्यातून कळत नाही. त्यासाठी १९८२ ची स्वसंवाद चाचणी (SISST) घे; कुणाशी बोलताना आपण मनातल्या मनात स्वतःला काय सांगतो, ते ती मोजते. ३० वाक्यं: १५ धीर देणारी, १५ खच्ची करणारी, तो विचार किती वेळा आला त्यानुसार प्रत्येकाला १ ते ५ गुण. दोन्ही बेरजा वेगळ्याच ठेव, एकत्र केल्यास तर सगळं धूसर होतं.

आणि फॉर्म घरी भरायला देऊ नकोस गं! कॉलेजातच अनोळखी व्यक्तीशी थोडं बोलायला लाव, लगेच भरून घे. रात्री गंगापूर रोडच्या खोलीवर बसून आठवलेले विचार बदललेले असतात. कुणी फार घाबरलं, तर तिथेच थांबव आणि गाईडना सांग.