"सगळेच घेतात की!"

प्रश्न: मुलगा सतरा वर्षांचा, बारावीला आहे. परवा पन्हाळ्याकडं एका शेतावर मित्रांची रस्सा पार्टी होती. ह्यांची बुलेट घेऊन गेला, रात्री आला तर तोंडाला वास. विचारलं तर म्हणतो, "सगळेच घेतात की! नको म्हटलं तर 'गडी हाईस का न्हाईस' म्हणत्यात." हे म्हणतात, "वयच आहे." ह्यांचंही महिन्यातून एकदा बसणं असतं, पण गाडीवरून कधी पडले नाहीत. काय करू?
— एक आई, राजारामपुरी

उत्तर: ताई, तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य पुन्हा वाचा. पिऊन गाडी चालवता येते, हे त्याला मित्रांनी शिकवायची गरजच नव्हती. तांबडा-पांढरा झाल्यावर वडील किक मारून घरी येतात, हे तो लहानपणापासून बघतोय. दारू पाय लटपटायच्या आधी अंदाज घालवते, म्हणून "मला काय चढली नाही" म्हणणाऱ्यावर सगळ्यात कमी भरवसा ठेवावा. ताक, लिंबू, कॉफीनं ती उतरत नाही. वेळच जावा लागतो.

आणि वय म्हणाल, तर बुलेटच्या लायसन्सलाच 18 लागतात. महाराष्ट्रात बिअरला 21, दारूला 25. अल्पवयीन मुलानं गाडीवर गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला 25 हजार दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी 12 महिने रद्द, मुलाला 25 व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. "आम्हाला माहीत नव्हतं" ही पळवाटही तुम्हाला उरलेली नाही.

तेव्हा बुलेटची चावी आजच कपाटात. पण मित्र तोडायला सांगू नका, तो ऐकणार नाही. त्याला सबब द्या. तालमीतलं पोरगं "वस्ताद सोलून काढतील" म्हणालं की ग्लास पुढं करणारा गप्प बसतो, कमीपणाही येत नाही. तसंच यानं खुशाल सांगावं, "घरात शिरताना पप्पा वास घेतात." वाईटपणा तुम्ही घ्या. शिवाय कबूल करा: रात्री कितीही वाजता फोन केलास, तू घेतली असशील किंवा गाडी चालवणाऱ्यानं, तरी न्यायला येऊ. त्या रात्री एक शब्द नाही. बोलणं दुसऱ्या दिवशी, चहा झाल्यावर. हा शब्द एकदा जरी मोडलात, तर परत फोन येणार नाही.

हे सगळं चालायचं तर पुढच्या बसण्याला साहेबांनी रिक्षानं जायचं, तेही पोराच्या देखत. ऐकत नसतील तर 25 हजारांचा आकडा तेवढा जेवताना काढा.