लाईट गेली की फिश टँकचा संप ओसंडतो!

प्रश्न (लातूर): सर, ४ फुटी फिश टँकखाली संप (पाणी गाळून पंपानं परत वर पाठवणारी खालची टाकी) बसवलाय, पण लाईट गेली की फरशीवर पाणीच पाणी, घरचे लै वैतागलेत. पंप छोटा घेऊ का?

उत्तर: कशाला खर्च करता! पंप थांबला की वर चढवणाऱ्या पाइपातून पाणी उलटं खाली येतं, अन् त्याचं तोंड टँकमध्ये खोल असलं की तिथपर्यंत टँक उपसत राहतो, म्हणून पाण्याच्या पातळीखाली बोटभर त्या पाइपाला बारीक भोक पाडा, हवा शिरली की सायफन (पाणी आपोआप खाली ओढलं जाणं) तुटला. भोकात शेवाळ साचतं, काडीनं साफ करत जा. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) एकट्याच्या भरवशावर राहू नका राव, कचरा अडकला की गळतोच. मग मुद्दाम स्विच बंद करा, सगळं पाणी उतरल्यावर संप काठापासून दोन बोटं खाली राहील एवढंच पाणी ठेवा, अन् पंप चालू असतानाच्या पातळीवर मार्करनं खूण करा.