एचआयव्हीसोबतच्या जुनाट आजारांवर संशोधन: नव्या संशोधकांना कुठून शिकवायला घ्यावं?

तुमचा प्रश्न असा आहे: मेडिकल कॉलेजात एआरटी (एचआयव्हीवरची औषधं देणारं) सेंटर आहे, चार-पाच रेसिडेंट आणि दोन पीएचडीचे विद्यार्थी आहेत. एचआयव्ही असलेल्यांमधला मधुमेह, रक्तदाब आणि किडनीचे आजार यांवर संशोधन करायला त्यांना वर्षभरात शिकवायचं आहे. सुरुवात बायोस्टॅटिस्टिक्सच्या, म्हणजे वैद्यकीय संख्याशास्त्राच्या, कार्यशाळेनं करावी का?

करू नका. ती कार्यशाळा चौथ्या महिन्यात घ्या. पहिले सहा आठवडे मुलांना ओपीडीत बसवा. या विषयातल्या बहुतेक चुका गणितात होत नाहीत, मोजताना होतात आणि काय नोंदवायचं ते न कळल्यानं होतात. एकदा चुकीचा डेटा गोळा झाला की कुठलंही सॉफ्टवेअर तो दुरुस्त करू शकत नाही.

मोफत एआरटी आपल्याकडे १ एप्रिल २००४ ला सुरू झालं. तेव्हा तिशीत असलेली माणसं आज पन्नाशीत आहेत. त्यांच्या शरीरात तीन गोष्टी एकाच वेळी काम करत आल्या आहेत: विषाणूमुळे होणारा दीर्घकाळचा दाह, वेगवेगळ्या काळात घेतलेली औषधं, आणि वय. रक्तदाब यातल्या कशामुळे वाढला हे फक्त आजची गोळी विचारून कळत नाही. म्हणून फॉर्ममध्ये चार रकाने हवेतच: एआरटी सुरू झाल्याची तारीख, आजवरचा सर्वात कमी सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा), पूर्वी स्टॅव्हुडिन किंवा झिडोव्हुडिन ही एचआयव्हीची जुनी औषधं घेतली का आणि किती महिने, आणि सध्याचं औषध कोणत्या महिन्यात बदललं.

यासाठी एक साधा सराव द्या. प्रत्येकाला ३० जुनी व्हाइट कार्डं (सेंटरमधली पेशंटच्या उपचाराची नोंदपत्रं) देऊन ही माहिती उतरवायला सांगा. तीच ३० कार्डं दुसऱ्याकडून, पहिल्याचा कागद न दाखवता, पुन्हा उतरवून घ्या. मग दोन्ही कागद शेजारी ठेवा. ज्या रकान्यात दोघांचं सारखं जुळत नाही, त्यावर संशोधनाचा प्रश्न उभा करता येणार नाही, हे मुलांना न सांगता कळतं. सेंटरच्या डेटा मॅनेजरला या सरावात शिक्षक म्हणून बसवा. कार्डावर काय लिहिलं जातं आणि काय सुटतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

रक्तदाबाचं सगळ्यांना येतं असं वाटतं, पण तिथेच गडबड होते. पेशंट पाच मिनिटं पाठ टेकून बसलेला हवा, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर, आणि बोलणं बंद. दंडाचा घेर टेपनं मोजून कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा पट्टा, निवडा. मध्यम कफ साधारण २२ ते ३२ सेंमी घेराला चालतो. जाड दंडाला लहान कफ लावला की आकडा खोटा वाढतो. तीन वेळा मोजा, पहिलं वाचन सोडा, उरलेल्या दोनांची सरासरी घ्या. प्रत्यक्षात काय होतं? रांग लांब असते, पेशंट एसटीतून उतरून धावत आलेला असतो आणि रेसिडेंट एकदाच मोजून १३८ चं १४० लिहितो. महिन्याच्या शेवटी सगळ्या वाचनांचे शेवटचे अंक मोजा. शून्य फार जास्त निघाले तर मोजणी आकड्यांच्या गोलाईनं बिघडली आहे.

साखरेचं त्याहून नाजूक आहे. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) सोयीचा वाटतो, पण झिडोव्हुडिन घेणाऱ्यांमध्ये तो खऱ्या साखरेपेक्षा कमी दिसतो, कारण त्या औषधानं तांबड्या पेशींचा आकार आणि आयुष्य बदलतं. उलट लोह कमी असलं तर तो जास्त दिसू शकतो, आणि आपल्याकडे हिमोग्लोबिन कमी असलेल्या बायका सेंटरवर रोजच येतात. म्हणून उपाशीपोटी प्लाझ्मा ग्लुकोज घ्या, एचबीए१सी सोबतीला ठेवा आणि हिमोग्लोबिन नोंदवा. रक्त फ्लोराइडच्या राखाडी नळीत घ्या. साध्या नळीत ते तासाभर पडलं तर ग्लुकोज पाच-सात टक्क्यांनी उतरतो. आणि ‘उपाशी आहात का?’ एवढंच विचारू नका. ‘चहा घेतला का? गोड होता का?’ असं विचारा, कारण पुष्कळ लोक चहाला खाणं धरत नाहीत.

क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम जोखायला रक्तात मोजतात तो घटक, हा तर मुलांना विचार करायला शिकवण्याचा सर्वात चांगला धडा आहे. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर ही एकत्र गोळी अलीकडे बहुतेकांना मिळते. डोल्युटेग्रॅव्हिर किडनीच्या नलिकेतून क्रिएटिनिन बाहेर टाकण्याची एक वाट अडवतं. त्यामुळे पहिल्या चार आठवड्यांत आकडा थोडा, म्हणजे डेसीलिटरमागे ०.१ ते ०.१५ मिग्रॅ इतका, वर जातो आणि तिथे थांबतो. गाळण्याचं काम तसंच असतं. हे माहीत नसलेला विद्यार्थी औषध बदलण्याआधीचे आणि नंतरचे आकडे लावून ‘किडनीचे आजार वाढले’ असा शोधनिबंध लिहील. खरं नुकसान टेनोफोविरमुळे होऊ शकतं, आणि ते वेगळं दिसतं: क्रिएटिनिन चढतच राहतं, लघवीत प्रथिनं येतात, रक्तातली साखर ठीक असूनही लघवीत साखर सापडते, फॉस्फेट उतरतं. म्हणून लघवीची तपासणी नसलेला किडनीचा अभ्यास मंजूरच करू नका. डोल्युटेग्रॅव्हिरचं आणखी एक: त्यामुळे मेटफॉर्मिनची रक्तातली पातळी वाढते, म्हणून दिवसाची मात्रा १००० मिग्रॅच्या पुढे नेत नाहीत. मधुमेहाच्या फॉर्ममध्ये मात्रा लिहायची जागा ठेवा.

आता प्रश्नाचा आकार. प्रत्येक मुलाला हृदयविकाराचा झटका अभ्यासायचा असतो. त्यांना रिप्रीव्ह चाचणी वाचायला द्या. भारतासह १२ देशांत, ४० ते ७५ वयाच्या एचआयव्ही असलेल्या ७,७६९ जणांवर पिटाव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाचा अभ्यास झाला, पाच वर्षांच्या आसपास पाठपुरावा झाला, आणि २०२३ मध्ये हृदयरोगाच्या मोठ्या घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. झटक्यांबद्दल ठामपणे बोलायला इतकी माणसं आणि इतकी वर्षं लागतात. तुमच्या विद्यार्थ्याकडे दोनशे-तीनशे पेशंट आणि थिसिसची मुदत आहे. त्याला रक्तदाबाचं प्रमाण, निदान झालेल्यांपैकी किती जणांचा रक्तदाब नियंत्रणात आहे, किंवा संदर्भचिठ्ठी दिल्यावर किती जण खरोखर मेडिसिनच्या ओपीडीत पोहोचले, असा प्रश्न द्या. हा शेवटचा प्रश्न मला सर्वात मोलाचा वाटतो. दोन ओपीडींमधल्या शंभर पावलांवर किती माणसं गळतात, हे कळलं तर दुसऱ्या दिवशीपासून काही करता येतं.

नमुन्याचं गणित हातानं करून घ्या. अंदाजे प्रमाण २० टक्के आणि वर-खाली चूक ५ टक्के धरली तर २४६ जण लागतात. दहा टक्के नकार धरले तर २७४ जणांना विचारावं लागेल. चूक ४ टक्क्यांवर आणा, आकडा ३८५ होतो. एकदा हे कागदावर केलं की महत्त्वाकांक्षा आपोआप जागेवर येते.

तुलनेचा गट कॉलेजच्या मेडिसिन ओपीडीतून घेऊ नका. तिथे लोक आजारी असतात म्हणूनच आलेले असतात, त्यामुळे एचआयव्ही असलेले उगाच निरोगी दिसतात. एचआयव्ही निगेटिव्ह जोडीदार हा बरा पर्याय आहे: घर, जेवण, मिळकत सारखी असते. आणि फक्त नियमित येणाऱ्यांचा अभ्यास झाला तर तसं स्पष्ट लिहायला लावा. गोळ्या सोडून गेलेल्यांचं काय झालं हे त्या आकड्यांत नसतं.

परवानग्यांना तीन-चार महिने धरा: एथिक्स कमिटी, राज्य एड्स नियंत्रण संस्था, आणि परदेशी निधी किंवा भागीदारी असेल तर आरोग्य मंत्रालयाची छाननी समिती. उपचाराची चाचणी असेल तर पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर (देशातल्या चाचण्यांच्या नोंदवहीत) नोंदणी. निधीसाठी आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि संशोधनाला निधी देणाऱ्या इंडिया अलायन्सच्या फेलोशिप पाहा. एमबीबीएसच्या मुलांना आयसीएमआरचं अल्पकालीन विद्यार्थी संशोधन आहे.

गोपनीयतेबद्दल मात्र घाई नको. एचआयव्ही आणि एड्स कायदा, २०१७ हा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, आणि कुणाची एचआयव्ही स्थिती उघड करणं हा त्याखाली गंभीर मामला आहे. नाव आणि एआरटी क्रमांकाची यादी एका कुलूपबंद वहीत ठेवा, विश्लेषणाच्या फाइलमध्ये फक्त अभ्यासासाठी दिलेला क्रमांक. व्हॉट्सॲपवर कार्डाचा फोटो पाठवणं पहिल्या दिवशीच बंद करा. फोनवर पाठपुरावा करायचा असेल तर कुठल्या नंबरवर, किती वाजता, आणि दुसऱ्या कुणी फोन उचलला तर काय बोलायचं, हे संमतीच्या वेळी पेशंटलाच विचारून लिहून घ्या. अंगठा देणाऱ्यासाठी साक्षीदार संशोधनाशी संबंध नसलेला हवा.

आणि पहिला पेशंट घेण्याआधी एक पान लिहून भिंतीवर लावा: रक्तदाब १८० वर ११० निघाला, साखर ३०० निघाली, किंवा कुणी जीव देण्याचा विचार बोलून दाखवला, तर त्याच दिवशी कोण कुणाला फोन करेल, पेशंटला हाताला धरून कोण घेऊन जाईल, आणि संध्याकाळी तो पोहोचल्याची खात्री कोण करेल. नावं आणि नंबर लिहा. प्रत्येक विद्यार्थ्याकडून त्यावर सही घ्या.