नाव सांगितलं नाही म्हणून अटक?

प्रश्न : सोसायटीत पार्किंगवरून धक्काबुक्की झाली. हवालदार आले तेव्हा शेजाऱ्यांनी माझ्या भावाकडे बोट दाखवून "यानेच मारलं" म्हटलं. भावाने नाव सांगायला नकार दिला, तर "ठाण्यात चल" म्हणाले. तसा अधिकार त्यांना आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आहे, पण मर्यादित. साधी मारहाण अदखलपात्र, म्हणजे आपण ज्याला 'एनसी' म्हणतो तो गुन्हा. एरवी त्यात पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येत नाही. मात्र १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९ मध्ये (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४२) एक अपवाद आहे. असा गुन्हा पोलिसासमोर घडला किंवा त्याच्यासमोर कुणावर तसा आरोप झाला, आणि त्या माणसाने विचारल्यावर नाव-पत्ता दिला नाही किंवा दिलेला खोटा वाटण्यास कारण असलं, तर अटक करता येते.

ही अटक नाव-पत्ता कळावा एवढ्यासाठीच असते. तो खरा असल्याचं कळलं की जातमुचलक्यावर (बोलावल्यास हजर राहीन, अशी स्वतःची लेखी हमी) किंवा जामिनावर सोडावंच लागतं. २४ तासांत खरं नाव-पत्ता कळला नाही, किंवा माणूस मुचलका देईना, तर त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे पाठवायचं. "मारलंस का?" याचं उत्तर काढण्यासाठी हे कलम वापरता येत नाही. भावाने नाव-पत्ता सांगून बाकीच्या प्रश्नांना "वकिलांशी बोलून सांगतो" म्हटलं असतं, तर या कलमाखाली अटकेला आधारच उरला नसता.

घोळ होतो तो बहुधा पत्त्यात. आधारवर साताऱ्याकडचं गाव, राहणं कोथरूडला भाड्याने. तोंडी एक पत्ता, कार्डावर दुसरा, की पोलिसाला संशय यायला जागा मिळते. म्हणून दोन्ही पत्ते स्वतःहून सांगा आणि खात्री करून देईल अशा घरमालकाचा किंवा नातेवाइकाचा नंबर द्या. तो नंबर पाठ हवा, कारण फोन बंद पडला तर आतला नंबर काही कामाचा नाही.

अटक झालीच तर कारण विचारा, नातेवाइकाला कळवायला सांगा. अटकेच्या मेमोवर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठिताची साक्षीदार म्हणून सही लागते. आपली सही करण्याआधी त्यातली वेळ वाचा. २४ तास अटकेच्या क्षणापासून मोजायचे. रात्री ९ला पकडून मेमोवर ११ लिहिले, तर दोन तास तुमच्या वाट्याचे गेले.

प्रश्न : ओळखपत्र जवळ नसणं हा गुन्हा आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. आधार सतत खिशात ठेवावं असा कायदा नाही. कलम ३९ नाव-पत्ता मागतं, कार्ड नाही. गाडी चालवताना मात्र गोष्ट वेगळी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० नुसार गणवेशातल्या पोलिसाने मागितल्यास लायसन्स दाखवावंच लागतं. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधलं चालतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो त्यात मोडत नाही.

प्रश्न : महिलेला रात्री नेता येतं का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी महिलेला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीतच करता येते, तीही महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी घेतल्यावर. ती परवानगी दाखवायला सांगा.