डीगचा जलमहाल : कारंजी बंद असली तरी

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये आग्रा, मथुरा आणि भरतपूर असा प्रवास ठरवला आहे. भरतपूरच्या राजांचा डीग येथील उन्हाळी राजवाडा व त्याची बाग पाहण्याची फार इच्छा आहे. परंतु तेथील कारंजी बहुतेक वेळा बंदच असतात असे कळले. तरीही त्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा काय? (एक वाचक, वसई)

उत्तर : अवश्य ठेवावा. कारंजी जत्रा-उत्सवाच्या मोजक्या दिवशीच सोडतात, हे आपण ऐकले ते खरे आहे, आणि केवळ नाचते पाणी पाहण्याच्या अपेक्षेने जाणारा पर्यटक तेथून हिरमुसून परततो, हेही खरे आहे. मात्र हे पाणी कोठून येत असे हे समजून घेऊन हिंडल्यास कोरडी बागही पुष्कळ काही सांगते.

डीग ही जाट राजा बदनसिंहाची राजधानी होती. त्याचा वारस सूरजमल याने अठराव्या शतकाच्या मध्यास येथील बहुतेक महाल उभारले, आणि राजधानी भरतपूरला गेल्यावर डीग हे राजघराण्याचे उन्हाळ्यातील निवासस्थान झाले. पश्चिमेला गोपाळ सागर व पूर्वेला रूप सागर अशा दोन तलावांच्या मधोमध चारबाग पद्धतीची, म्हणजे चार चौकोनी भागांत आखलेली, बाग असून तिच्या कडेने महाल उभे आहेत. दोन्ही बाजूंच्या पाण्यावरून वारा आत यावा, हा या मांडणीचा हेतू होता. व्रजभूमीतील वैशाख-ज्येष्ठाची लू, म्हणजे तेथील होरपळवणारा उष्ण वारा, ज्याने अनुभवली आहे, त्याला हा खटाटोप का केला हे वेगळे सांगावे लागत नाही.

आत शिरल्यावर बहुतेक जण थेट गोपाळ भवनाकडे वळतात. आपण मात्र आधी दक्षिणेकडच्या किशन भवनाजवळ जाऊन तेथील उंचावर बांधलेला प्रचंड हौद पाहावा, कारण सगळ्या कारंज्यांचा जीव त्यात आहे. विहिरींचे पाणी बैलांच्या मोटांनी वर ओढून हा हौद भरत असत. त्याला दिवसच्या दिवस लागत आणि कारंजी सुरू झाली की काही तासांतच तो रिकामा होई. हौदाच्या भिंतींत ओळीने भोके असून त्यांतून निघालेल्या नळांनी पाणी निरनिराळ्या कारंज्यांपर्यंत जाई. पंप नाही, यंत्र नाही. उंचीमुळे मिळणारा दाब एवढेच बळ. उत्सवाच्या दिवशी या भोकांत रंगाच्या पुरचुंड्या बसवीत, म्हणजे खाली कारंज्यांतून रंगीत पाणी उडत असे.

त्यानंतर रूप सागराच्या बाजूची केशव भवन ही बारादरी पाहावी. माझ्या मते सगळ्या डीगमध्ये कल्पकतेला तोड नाही ती येथेच. चहूबाजूंनी मोकळ्या असलेल्या या मंडपात कारंज्यांची पन्हळ फिरवली आहे. छतातून पाणी खेळवून कडेने पावसाच्या धारा सोडण्याची आणि वर ठेवलेले दगडी गोळे पाण्याच्या जोराने घरंगळवून मेघगर्जनेचा आवाज काढण्याची योजना होती, असे वर्णन केले जाते. ऐन उन्हाळ्यात श्रावण आणण्याचा हा राजेशाही हट्ट म्हणावा लागेल. गोपाळ भवनाच्या दोन्ही अंगांना असलेल्या, होडीच्या आकाराच्या छपरांच्या मंडपांची नावेही सावन आणि भादों, म्हणजे श्रावण आणि भाद्रपद, अशीच आहेत.

गोपाळ भवन शेवटी ठेवावे. त्याच्या समोर चौथऱ्यावर संगमरवरी हिंडोळ्याची चौकट आहे. ती मोगलांकडून मिळालेल्या लुटीतली मानतात. आतील दालने पाहून झाल्यावर आवाराबाहेर पडावे आणि गोपाळ सागराच्या पश्चिम काठावर जावे. दुपारनंतरचे ऊन महालाच्या त्या अंगावर पडते, आणि बागेच्या बाजूने बेताचा वाटणारा महाल पाण्याच्या बाजूने किती उंच आहे हे तेथूनच कळते. पावसाळा नुकताच संपलेला असल्याने ऑक्टोबरमध्ये तलावात पाणी असण्याचा संभव अधिक, म्हणून आपण निवडलेला काळ उत्तम आहे. भरतपूरहून डीग साधारण पस्तीस किलोमीटरवर आहे आणि मथुरेहून गोवर्धनमार्गेही जाता येते. जाणे व येणे निरनिराळ्या वाटांनी केल्यास गोवर्धनही सहज पाहून होईल.

प्रश्न : पानिपतानंतर मराठ्यांना येथेच आश्रय मिळाला होता काय? (त्याच पत्रातून)

उत्तर : होय. १७६० मध्ये दिल्लीत मतभेद झाल्यामुळे सूरजमल सदाशिवरावभाऊंची छावणी सोडून गेला होता. तरीही १४ जानेवारी १७६१ च्या पराभवानंतर जे लोक त्याच्या मुलुखात पोहोचले, त्यांना त्याने अन्न, वस्त्र आणि वाटखर्ची दिली. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई त्यांत होत्या. बाजीराव-मस्तानीचे पुत्र समशेरबहाद्दर जखमी अवस्थेत डीगला आले आणि येथेच त्यांचा अंत झाला. पुढे नोव्हेंबर १८०४ मध्ये यशवंतराव होळकरांचे पायदळ व तोफखाना यांची इंग्रजांशी मोठी लढाई डीगच्या परिसरात झाली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इंग्रज सेनापती जनरल लेक याच्या फौजेने वेढा घालून किल्ला घेतला. हा किल्ला राजवाड्याला लागूनच असून त्याचा खंदक आणि बुरुजावरील तोफ पाहण्यासाठी तासभर वेळ हाती ठेवावा. चढ आहे, तेव्हा तो सकाळी उरकून मग बागेकडे यावे.