मांजरीचे हलके झटके केवळ आहाराने थांबतील का?

तुमच्या प्रश्नावरून मला समजले ते असे: निपाणीतल्या तुमच्या पाच वर्षांच्या मांजरीला महिन्यातून एखाद्या वेळी हलका झटका येतो, ओठ आणि एका बाजूचा कान थरथरतो, लाळ गळते आणि मिनिटभरात ती सावरते, डॉक्टरांनी गोळ्या सुचवल्या आहेत, परंतु घर शाकाहारी असल्याने तिचे खाणे दूधभात, चपाती आणि शेजारणीने कधीमधी टाकलेली कच्ची मासळी एवढेच आहे, म्हणून गोळ्यांआधी आहार बदलून आणि खोबरेल तेल देऊन पाहावे असे तुमच्या मनात आहे. मी पशुवैद्य नाही, बेळगावात पंचवीस वर्षे मांजरे सांभाळलेला माणूस आहे. आहार जरूर बदला, पण तो गोळ्यांना पर्याय म्हणून नव्हे. झटक्याचे मूळच खाण्यात असेल तर खाणे सुधारल्यावर तो थांबतो; मूळ दुसरीकडे असेल तर उत्तम आहार मांजरीला धडधाकट ठेवतो, झटका मात्र येतच राहतो. म्हणून तुमच्या मांजरीचा झटका जेवणाशी जोडलेला आहे का, आणि असल्यास नेमका कसा, हे आधी पाहावे लागेल.

हा फरक मी फार उशिरा शिकलो. आमची भाटी सोळा वर्षांची झाली तेव्हा तिला दचकल्यासारखे झटके येऊ लागले, आणि ते बहुतेक वेळा जेवणाच्याच वेळी येत. साहजिकच मी खाण्याला दोष दिला. महिन्याभरात तीनदा तिचे अन्न बदलले, दूध बंद केले, कोंबडी उकडून घातली, तरी फरक पडेना. शेवटी डॉक्टरांना मोबाइलवरचे चित्रण दाखवले, तर त्यांनी आवाज मोठा करायला सांगितला आणि तेच दृश्य तीनदा पाहिले. तिन्ही वेळा मी चमचा स्टीलच्या ताटलीवर आपटून अन्न झाडत होतो आणि त्या खणखणाटासरशी भाटीचे अंग उडत होते. म्हाताऱ्या मांजरांत आवाजाने येणाऱ्या अशा झटक्यांवरचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला आहे; धातूचा चमचा भांड्यावर आपटणे, चांदीचा कागद चुरगळणे असले किरकोळ, कर्कश आवाज त्यात कारणीभूत आढळले. आम्ही ताटली बदलून पत्रावळीचा तुकडा वापरू लागलो आणि औषधही चालू केले, तेव्हा कुठे ते आटोक्यात आले. तुमची मांजरी त्या वयाची नाही, त्यामुळे तिचे कारण बहुधा हे नसावे, परंतु जेवणाच्या वेळी घडते ते सारे जेवणामुळेच घडते असे समजू नये, एवढ्यासाठी हे सांगितले.

उलट, जेवणानंतर तासा-दोन तासांनी मांजर सुस्तावत असेल, लाळ गाळत असेल, भिंतीशी डोके टेकून उभी राहत असेल, तर यकृताकडे लक्ष द्यावे लागते. काही मांजरांत जन्मतःच आतड्यांकडून येणारे रक्त यकृताला वळसा घालून जाते आणि प्रथिनांच्या पचनातून तयार होणारा अमोनिया मेंदूपर्यंत पोचतो. तिथे आहार हा उपचाराचा मोठा भाग असतो, पण प्रथिने किती आणि कोणती हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते. घरच्या घरी मांस तोडले तर मांजर खंगते. तुमच्या वर्णनात लाळ आहे, म्हणून रक्ततपासणीत यकृत, मूत्रपिंड आणि साखर या तिन्हींचा उल्लेख अवश्य करा.

आता मासळीकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नात मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट तीच आहे. तारली ज्या हेरिंगच्या कुळात मोडते त्या कुळातल्या कित्येक माशांत, तसेच कार्पसारख्या गोड्या पाण्यातल्या माशांत, थायमिन म्हणजे ब-1 जीवनसत्त्व नष्ट करणारे एक विकर (एन्झाइम) असते. मांजराला या जीवनसत्त्वाची गरज कुत्र्यापेक्षा कितीतरी अधिक असते आणि त्याचा साठा शरीरात फार दिवस पुरत नाही. असा कच्चा मासा रोजचे मुख्य अन्न झाला, तर आधी भूक मंदावते, मग मान छातीकडे झुकू लागते, बाहुल्या मोठ्या दिसतात, चाल झोकांडते आणि झटके येतात. वेळेवर ब-1 दिले तर यातून मांजर लवकर बाहेर येते. आहाराने झटके बरे झाल्याचे याहून स्पष्ट उदाहरण माझ्या माहितीत नाही. मासा चांगला शिजवला की ते विकर निकामी होते. तुमच्याकडे मासळी कधीमधीच मिळते, त्यामुळे केवळ तिलाच दोषी धरता येणार नाही, पण दूधभातातही हे जीवनसत्त्व फारसे नसल्याने दोन्ही बाजूंनी तूट पडत असावी, ही शंका डॉक्टरांजवळ बोलून दाखवा. मासळी द्यायचीच असेल तर मीठ-मसाल्याविना शिजवून द्यावी, हे शेजारणीलाही सांगा.

दूधभाताबद्दल थोडे कटू बोलतो. निपाणी-चिकोडी पट्ट्यात शाकाहारी जैन आणि लिंगायत घरे पुष्कळ आहेत आणि तिथली मांजरे उंदरांवर आपली गरज भागवून घेतात, म्हणून दूधभातावर ती जगतात असा आपला समज होतो. दार बंद असलेल्या घरातली मांजरी हे करू शकत नाही. मांजराला टॉरिन हे मांस-मासळीत असणारे अमिनो आम्ल अन्नातूनच मिळावे लागते आणि ते वनस्पतीजन्य अन्नात जवळजवळ नसते. त्याच्या अभावाने हृदयाचा स्नायू सैल पडतो, हे 1987 मध्ये सिद्ध झाले. अशा हृदयामुळे मांजराला येणारी भोवळ घरच्यांना झटक्यासारखीच दिसू शकते. घरात मांस शिजवायचे नसेल तर ‘संपूर्ण व समतोल’ असे छापलेले मांजराचे तयार खाद्य घ्या, कुत्र्याचे नव्हे, आणि आठ-दहा दिवसांत थोडे थोडे वाढवत जुने अन्न बंद करा. शेजारणीकडून कोंबडी येणार असेल तर उकडलेले पाणी फेकू देऊ नका, कारण टॉरिन त्यातच उतरते; मात्र कांदा-लसूण चटणी घातलेला रस्सा मुळीच नको, त्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात.

खोबरेल तेलाची कल्पना कुठून आली हे मला ठाऊक आहे. माणसांत, विशेषतः मुलांच्या अपस्मारात, स्निग्धांशप्रधान आहार 1921 पासून वापरला जातो, आणि 2015 मध्ये लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजात 21 कुत्र्यांवर मध्यम साखळीच्या स्निग्धाम्लांचा, म्हणजे खोबरेलासारख्या तेलात असणाऱ्या एका प्रकारच्या चरबीच्या घटकांचा, प्रयोग होऊन काहींचे झटके कमी झाले. ते कुत्रे औषधेही घेतच होते. मांजरांसाठी तसा भक्कम पुरावा नाही, आणि खोबरेलात प्रामुख्याने लॉरिक आम्ल असते. प्रयोगात ज्या आम्लांवर भर होता ती त्यात थोडीच असतात. शिवाय तेलकट अन्न पाहून मांजराने तोंड फिरवले आणि दोन-तीन दिवस उपाशी राहिले, तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतते. एकादशी आपण करावी, मांजरीवर लादू नये.

निपाणीकरांसाठी एक आडवी शंका: घराजवळ तंबाखूची वखार आहे का? अंगावर बसलेला चुरा चाटून निकोटीन पोटात गेले तरी कंप आणि झटके येतात. तसेच कुत्र्याच्या गोचिडांसाठीचे परमेथ्रिनचे औषध मांजराला घातक असते. कापूरही तिच्या आवाक्यात ठेवू नका.

गोळ्या सुरू झाल्या तर त्या बहुधा फिनोबार्बिटलच्या असतील. बारा-बारा तासांनी, चुकवल्याविना द्याव्या लागतात, आणि आता झटके थांबले म्हणून परस्पर बंद केल्या तर आधीपेक्षा जोराचे झटके येतात. या औषधाने भूक वाढते, तेव्हा आहाराचा खरा उपयोग इथे होतो: रोजचे खाद्य मोजून द्यावे आणि महिन्याला वजन पाहावे. दर महिन्याचा झटका दिनदर्शिकेवर वेळ, शेवटचे जेवण आणि त्या क्षणीचा आवाज यांसह लिहून ठेवा.

झटका चालू असताना आपल्याकडे कांदा फोडून नाकाशी धरतात, चप्पल हुंगवतात. त्यातले काहीही करू नका, तोंडात बोट घालू नका, फक्त टेबलावरून पडणार नाही एवढे पाहा आणि घड्याळ लावा. पाच मिनिटांवर गेला, किंवा एका दिवसात दोनतीनदा आला, तर सकाळची वाट न पाहता निघा. कोल्हापूर तुम्हाला बेळगावपेक्षा जवळ आहे, त्यामुळे तिथे रात्री कोण पाहतो त्याचा फोन क्रमांक आजच काढून ठेवा.