नियंत्रण गट दोन्हीकडे खरंच एकच आहे का, ते आधी बघा

तुमची अडचण अशी दिसते: दोन औषधं, दोन वेगळ्या ट्रायल, दोन्हींत तुलना ‘नेहमीच्या उपचारां’शी (ते घेणारे रुग्ण म्हणजे नियंत्रण गट), समोरासमोरची ट्रायल एकही नाही. आणि खर्चाच्या मानाने कुठलं औषध सरस हे वरिष्ठांना आकड्यात हवंय. याच पेचात मी बराच काळ काढलाय.

औषधांचे दोन गट नुसते शेजारी ठेवून वजाबाकी करायची नाही, हे तुम्हाला ठाऊक असणारच. सामाईक नियंत्रण गटामार्फत तुलना करायची बुखर आणि सहकाऱ्यांची १९९७ची पद्धत सोपी आहे. दोन्ही औषधांचे हॅझार्ड रेशो (नियंत्रण गटाच्या तुलनेत धोका किती पट; एकाहून कमी म्हणजे फायदा) घ्यायचे आणि एकाला दुसऱ्याने भागायचं. समजा ते ०.७० आणि ०.८०, भागाकार ०.८७५. पण व्हेरियन्सची, म्हणजे अनिश्चिततेच्या मापाची, बेरीज होते. लॉग प्रमाणावर दोन्हींची स्टँडर्ड एरर (व्हेरियन्सचं वर्गमूळ) ०.१० धरली, तर ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा ज्यात असावा असा पल्ला, ०.६६ ते १.१५ येतो. दोन्ही औषधं नियंत्रण गटाहून सरस, पण आपापसात कोण सरस ते ठरत नाही! खर्चाच्या मॉडेलमध्ये हा सगळा पल्ला घाला. एकट्या ०.८७५वरून काढलेला दर क्यूएएलवायचा (पूर्ण आरोग्यातल्या एका वर्षाइतक्या आयुष्याचा) खर्च मी तरी ग्राह्य धरत नाही.

माझा खरा जीव खाल्ला तो नियंत्रण गटाने. नाव दोन्ही पेपरांत तेच. पण एकाच्या पुरवणीत, तक्त्याखाली बारीक अक्षरांत तळटीप होती: आजार वाढल्यावर नियंत्रण गटातल्या रुग्णांना नवं औषध घ्यायची मुभा. तसं झालं की नियंत्रण गटही जास्त जगतो, औषधाचा फायदा कमी दिसतो आणि दुसरं औषध उगाच वरचढ ठरतं. किती जणांनी घेतलं, तो आकडा छापलेलाच नव्हता. ज्या कार्यालयाकडे तो होता (नाव घेत नाही), त्यांनी आधी अर्ज मागवला, मग तोच वेगळ्या नमुन्यात मागवला, आणि शेवटी कळवलं की ‘माहिती प्रकाशित लेखात उपलब्ध आहे’. नव्हती! कुणाचा वैयक्तिक डेटा नको होता, फक्त एक संख्या हवी होती. रुग्णांनी विश्वासाने ट्रायलमध्ये भाग घ्यायचा आणि त्यातून निघालेली साधी संख्या कुणी अशी दाबून बसायचं, याची मला आजही चीड येते. एकूण जगण्याच्या कालावधीवरचा आमचा निष्कर्ष त्यापायी सोडून द्यावा लागला.

म्हणून गणिताआधी दोन्ही नियंत्रण गट ओळीला ओळ लावून तपासा: डोस, आधीचे उपचार, औषधबदलाची मुभा, स्कॅन किती आठवड्यांनी. बुखर यांच्याच पेपरात, एचआयव्हीबाधितांतला न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया टाळणाऱ्या औषधांच्या उदाहरणात, अप्रत्यक्ष तुलनेचा ऑड्स रेशो (हाही जितका कमी तितका फायदा जास्त) ०.३७ आला आणि थेट ट्रायलींचा ०.६४. दिशा तीच, पण फायदा केवढा फुगलेला.

कुणी एमएआयसी सुचवेल, म्हणजे एका ट्रायलच्या रुग्णांना वजनं लावून त्यांचा गट दुसऱ्या ट्रायलच्या रुग्णांसारखा करायची पद्धत. वजनं लावल्यावर प्रभावी नमुनासंख्या (उत्तर खरोखर किती रुग्णांच्या माहितीइतकं भक्कम आहे ती संख्या) किती उरते ते आधी विचारा. शिवाय येणारं उत्तर दुसऱ्या ट्रायलच्या रुग्णांसाठी असतं, तुमच्या रुग्णांसाठी असेलच असं नाही. सामाईक नियंत्रण गट नसताना तर मी त्या वाटेला जाणार नाही. त्यामागची गृहीतकं प्रत्यक्षात जवळजवळ पाळता येत नाहीत. हे माझं मत, वेगळं मानणारेही आहेत. आणि मी आकडेमोडीतला माणूस, डॉक्टर नाही. एखाद्या रुग्णाला काय द्यावं हे यावरून ठरवू नका.

जाता जाता: क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या ट्रायल-नोंदणीच्या संकेतस्थळावर नोंदीच्या जुन्या आवृत्त्या दिसतात. औषधबदलाची मुभा मध्येच दिली गेली असेल, तर कधीकधी तिथेच सापडते.